मण्यातली माशी

हिऱ्यात बारीकसा डाग दिसला की जवाहिऱ्याच्या कपाळाला आठी पडते. माणकात चीर आढळली की गिऱ्हाईक ते हळूच परत सरकवते. रत्नांच्या या सोवळ्या जगात एक मणी असाही आहे की, ज्याच्या पोटात कचरा निघाला तर त्याचा भाव उतरण्याऐवजी चढतो. तो म्हणजे अंबर. आपल्या जुन्या भाषेतला तृणमणी. कापडावर घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. मधाच्या रंगाच्या या मण्यात एखादी मुंगी, एखादे चिलट किंवा नुसते मोडके पान अडकलेले असले, तर हौशी माणूस साधा मणी बाजूला सारून तोच उचलतो. ताटावर घोंघावणारी माशी आपण हाकलून देतो. पण तीच कोट्यवधी वर्षांपूर्वीची असली तर गळ्यात बांधतो. हे काय गौडबंगाल आहे?

अंबर हा खरे म्हणजे दगड नव्हेच. ती झाडाची राळ. झाडाला जखम झाली की ती बुजवायला राळ पाझरते. तिच्या वाटेत आलेला जीव चिकटतो, वरून दुसरा ओघळ येतो, आणि युगे लोटता लोटता सारे मिळून घट्ट होते. बाल्टिक समुद्राच्या काठचे, रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात विपुल सापडणारे अंबर सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. म्यानमारच्या, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील हुकाँग खोऱ्यातले तर सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या खाणींतही सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे अंबर निघाले आहे, आणि त्यातही किडे आहेत.

पण नुसत्या प्राचीनतेचे हे आकर्षण नव्हे. तसे असते तर किड्यावाचूनचा मणीही तितकाच प्रिय झाला असता. वय दोघांचे एकच. मला वाटते, ४ कोटी वर्षे हा आकडा आपल्याला कधीच कळत नाही. चिकटलेला पाय सोडवू पाहणारी माशी मात्र तत्काळ कळते. त्या अफाट काळातली एक दुपार, एक क्षण, कोणा एकावर गुदरलेला एक प्रसंग आपल्या तळहातावर येतो. आजीच्या पाटलीवरची झीज सराफ तुटीत धरतो. पण नात हट्टाने तीच पाटली मागते. झिजलेल्या जागी तिला आजीचा हात दिसतो. दोष म्हणून ज्याची किंमत कापली जाते, तीच खूण ती वस्तू कुणाच्या तरी आयुष्यातून गेल्याची साक्ष असते.

आता प्रश्न असा की, ही साक्ष खोटी निघाली तर? लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९२२ साली आलेल्या एका अंबरात एक माशी होती. ही जात कोट्यवधी वर्षे जशीच्या तशी राहिली, असे तिच्यावरून तज्ज्ञ मानीत. १९९३ साली अँड्र्यू रॉस या शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात भेग दिसली. कोणीतरी अंबर मधोमध कापून, आत खळगा कोरून, अलीकडची माशी बसवून दोन्ही भाग जोडले होते. माशी खरी, अंबरही खरे. खोटा होता तो त्यांचा संबंध. डोळ्यांना दिसणारे सौंदर्य त्या दिवशी तसूभरही कमी झाले नाही, तरी पूर्वीची किंमत मात्र संपली. म्हणजे किड्याच्या अंबरात आपण रूप शोधत नाही, खरेपणा शोधतो. हे जे दिसते ते खरोखरच घडले होते, एवढ्या एका आश्वासनाचे आपण पैसे मोजतो.

माझा प्रश्न येथून सुरू होतो. खरेपणाचीच आवड असेल, तर ती माशीपाशी येऊन थांबावी काय?

रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात अंबरातल्या किड्यांची नोंद केली आणि त्यावरून हा पदार्थ मुळात पातळ असला पाहिजे, असे अचूक अनुमान बांधले. त्यानेच आणखी एक गोष्ट खेदाने नोंदवली: रोममध्ये अंबरात कोरलेल्या माणसाच्या इवल्याशा मूर्तीला जिवंत, धडधाकट माणसांपेक्षा अधिक दाम पडत असे. गुलामांचा बाजार भरत होता तेव्हाची ही गोष्ट. माणसाची प्रतिमा महाग आणि माणूस स्वस्त!

तो काळ गेला म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकू. पण अलीकडची हकिकत ऐका. २०१५ साली शिंग लिदा या चिनी शास्त्रज्ञाला म्यानमारमधल्या मिचिना येथील बाजारात अंबराचा एक तुकडा मिळाला. विकणाऱ्याला आत वनस्पती असावी असे वाटत होते आणि तुकडा दागिन्यासाठी घासूनही झाला होता. आत निघाली ती चिमणीएवढ्या डायनोसॉरची पिसे असलेली शेपटी! २०१६ साली हे प्रसिद्ध झाले आणि जग थक्क झाले. हे अंबर काढण्यासाठी किरकोळ अंगाचा माणूस कसाबसा उतरेल अशा अरुंद, खोल विहिरी जमिनीत खणतात. २०१७ सालच्या जूनमध्ये लष्कराने कचिन बंडखोरांकडून हा खाणींचा मुलूख घेतला. हजारो माणसे घरेदारे सोडून पळाली. २०२० साली अमेरिकेतील पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संस्थेने नियतकालिकांना विनंती केली की, त्या महिन्यानंतर मिळवलेल्या अंबरावरचे लेख तूर्त छापू नयेत. इतर काही शास्त्रज्ञांना हे पटले नाही. ज्ञान थांबवून खाण थोडीच थांबणार, असा प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो खोटा नाही. खाणीत उतरणाऱ्याच्या घरची चूलही त्याच मण्यावर पेटते.

म्हणून अंबर घालूच नये असा फतवा मी काढणार नाही. रेशमी वस्त्र नेसून दिवाळीची पूजा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी, कोशातल्या किड्यांचा विसर पाडून, दुसऱ्याला अहिंसा शिकवू नये. माझे मागणे त्याहून लहान आहे. ४ कोटी वर्षांपूर्वीच्या माशीची तडफड पाहून ज्याला गलबलते, त्याने तो मणी गेल्या दहा वर्षांत कोणत्या हातांतून आला एवढे तरी विचारावे. राळेने मुंगीचा पाय राखला, पंखावरची शीर राखली. विहिरीत उतरलेल्या पोराची मात्र एकही खूण तिच्यात उमटत नाही. ती आपल्यालाच विचारून घ्यावी लागते. दुकानदाराला कदाचित उत्तर ठाऊक नसेल. तरी दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो माहिती काढून ठेवील.