अनोळखी वाटेवरचा सोबती

आमच्या घरात गेल्या काही महिन्यांपासून एका प्रश्नाचा खल चालला आहे. आमची नात २४ वर्षांची. नोकरीतून दीड महिन्याची रजा मिळवून तिला परदेशात हिंडायचे आहे. हिंडायचे म्हणजे एखाद्या सहल-कंपनीबरोबर नव्हे. पाठीवर एक पिशवी, जाण्यायेण्याची विमानाची तिकिटे, आणि मधल्या ४५ दिवसांचे पान जवळजवळ कोरे. थायलंडच्या उत्तर टोकाकडून लाओसमध्ये उतरायचे, जमल्यास पुढे व्हिएतनाम गाठायचे. कोठे किती दिवस राहायचे ते तेथे पोहोचल्यावर ठरवायचे. एकटीने जाण्याचीही तिची तयारी आहे, पण मन सोबत शोधते आहे. मैत्रिणींपैकी कोणाला रजा नाही, कोणाला पैशाची अडचण, कोणाचे लग्न ठरलेले. तेव्हा ओळखीतल्या ओळखीतून एखादी अपरिचित मुलगी मिळते का, याचा शोध सुरू झाला.

घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘कोठे जाणार’ हा नव्हता; ‘कोणाबरोबर जाणार’ हा होता. त्यामागची काळजी खोटी नाही. परमुलखात तरुण मुलीने अपरात्री एकटीने उतरणे आणि दोघींनी उतरणे यांत फरक आहेच. परंतु ही चर्चा ऐकता ऐकता आमच्या लक्षात आले की, सोबतीकडून आपल्याला काय मिळेल एवढेच सारे विचारीत आहेत; सोबत्याला आपण काय देणे लागतो, हे कोणीच विचारीत नाही. हा दुसरा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारणही आमच्यापाशी आहे. ते पुढे येईल.

आपल्या वाडवडिलांच्या प्रवासांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वारीला निघालेला मनुष्य सोबती निवडीत बसत नाही. दिंडी त्याला सामावून घेते. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, पंढरीला पोहोचण्याची तिथीही ठरलेली. काशीयात्रेला निघणाऱ्या मंडळींचेही पुष्कळसे तसेच. आजच्या आखीव सहलींत तर दोन प्रवाशांचे मतभेद मिटवायला तिसरा मनुष्य पगारी नेमलेला असतो. अशा प्रवासात शेजारच्या आसनावर कोण आहे, याला मर्यादितच महत्त्व उरते. कारण आपला खरा करार त्या माणसाशी नसतो, ठरलेल्या कार्यक्रमाशी असतो.

आमच्या नातीच्या प्रवासात हा आधारच नाही. थायलंडची सीमा ओलांडून हुआय साय या लाओसमधील गावी पोहोचले, की तेथून मेकाँग नदीतून संथ चालणारी लाकडी होडी लुआंग प्रबांगला जाते. दोन दिवस लागतात, मधली रात्र पाकबेंग या नदीकाठच्या गावात काढावी लागते. ज्यांना इतका धीर नाही, त्यांच्यासाठी रस्त्याची वाट आहे. लुआंग प्रबांग हे मठमंदिरांचे जुने राजनगर. १९९५ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक वारशात केली. तेथे दोन दिवस राहावे की दहा? डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने सुमारे दोन तासांत व्हिएन्तियान ही राजधानी गाठावी, की डोंगरांतून पूर्वेकडे व्हिएतनामच्या सीमेकडे वळावे? रोज सकाळी असा एक फाटा समोर येणार आणि रोज दोघींना मिळून उत्तर द्यावे लागणार. कार्यक्रम नाही, तिसरा मनुष्य नाही. अशा प्रवासात सोबती हाच काय तो करार.

महाभारतातील यक्षाने युधिष्ठिराला अनेक प्रश्न विचारले, त्यांत प्रवाशाचा मित्र कोण, असाही एक प्रश्न आहे. युधिष्ठिराने उत्तर दिले: सार्थ. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. शब्दाची फोड केली तर ‘स’ आणि ‘अर्थ’. ज्यांचा अर्थ, म्हणजे माल म्हणा वा हेतू म्हणा, एकत्र आहे ते. उत्तर मार्मिक आहे, परंतु आजच्या या भटकंतीला ते लावू पाहिले की अडचण येते. जेथे हेतूच मोकळा सोडलेला आहे, तेथे दोघांना बांधणारा अर्थ कोणता?

सर्वांच्या मनात प्रथम येणारे उत्तर म्हणजे सोय. या उत्तराला इतिहासही आहे. इस्तंबूलच्या सुलतान-अहमत भागात १९५७ साली एक खाणावळ निघाली. तिचे मूळ नाव लाले, परंतु पाश्चात्त्य तरुण प्रवाशांत ती ‘पुडिंग शॉप’ म्हणूनच प्रसिद्ध झाली. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या वाटेने इराण, अफगाणिस्तानमार्गे भारताकडे आणि काठमांडूकडे निघणारे तरुण तेथे जमत. तेथील सूचनाफलक हे त्यांचे खरे आकर्षण होते. गाडीत जागा आहे का, कोणी पूर्वेकडे निघाले आहे का, अशा चिठ्ठ्या तेथे लावल्या जात, आणि परस्परांना कधीही न पाहिलेली माणसे त्या चिठ्ठ्यांवरून हजारो मैल एकत्र जात. १९७९ साली इराणमधील क्रांती आणि वर्षअखेरीस अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांमुळे ती वाट बंद पडली.

त्या चिठ्ठ्यांत मागितली जाई ती मुख्यतः सोय: इंधनाचा खर्च वाटून घेणारा, आळीपाळीने गाडी हाकणारा, रात्री सामानावर लक्ष ठेवणारा कोणीतरी. यात हलके असे काही नाही. खोलीचे भाडे निम्मे होते, एक तिकिटाच्या रांगेत असताना दुसरा पिशव्यांपाशी बसतो, आणि भीतीही वाटून घेतली की कमी होते. प्रश्न निराळाच आहे. सोयीसाठी जोडलेला सोबती एक दिवस स्वतःच गैरसोय होतो, तेव्हा काय करायचे? तो आजारी पडतो, त्याचे पैसे संपतात, किंवा त्याचे मन दुसऱ्या वाटेकडे ओढ घेते. करारात जे लिहिलेले नसते, त्याची परीक्षा त्या दिवशी होते.

चिनी भिक्षू फाहियान इ. स. ३९९ मध्ये बौद्ध ग्रंथांच्या शोधार्थ चांगआनहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर काही सोबती होते. वाटेत आणखी काही मिळाले. त्याचा वृत्तांत वाचताना आमचे लक्ष स्तूपविहारांपेक्षा या सोबत्यांकडेच अधिक गेले. हुइचिंग नावाचा त्यांतला एक जण आजच्या अफगाणिस्तानातील नगर या ठिकाणी आजारी पडला. ताओचिंग नावाचा दुसरा त्याची शुश्रूषा करण्यासाठी मागे थांबला. काही जण पुरुषपुराहून, म्हणजे आजच्या पेशावरहून, मायदेशी परतले. उरलेले तिघे हिमाच्छादित डोंगर ओलांडीत असता हुइचिंगचे पाय थांबले. आता आपण वाचत नाही, तुम्ही पुढे जा, नाहीतर सारेच मराल, असे सांगून त्याने प्राण सोडला. फाहियानने त्याच्या देहावरून हात फिरवीत आक्रोश केला, आणि मग तो पुढे निघाला. पुढे पाटलिपुत्रात ताओचिंगला येथील भिक्षूंचे आचरण इतके भावले की त्याने भारतातच राहायचे ठरविले. फाहियान एकटाच समुद्रमार्गे निघाला आणि ४१२ मध्ये चीनच्या किनाऱ्याला लागला.

या एका प्रवासात विलग होण्याचे किती प्रकार आहेत! कोणी परतले, कोणी राहिला, कोणी मरण पावला. ताओचिंगला आपण विश्वासघातकी म्हणणार नाही. आजाऱ्यापाशी थांबणारा तोच होता. पाटलिपुत्रात त्याने सोडले ते धडधाकट सोबत्याला, आणि तेही उघडपणे सांगून. बर्फातल्या मृताला सोडून निघालेल्या फाहियानलाही कोणी दोष देणार नाही. तेथे थांबणे म्हणजे एकाऐवजी तिघांचे मरण. तेव्हा सोबत सोडणे हे मुळातच पाप नव्हे. मग पाप केव्हा होते? येथे आम्हांला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

१९७८ साली आम्ही आणि आमचा एक मित्र नेपाळात गेलो होतो. त्या वेळी आम्ही अठ्ठावीस वर्षांचे होतो. पोखऱ्यापर्यंत बस, पुढे पायी मुक्तिनाथापर्यंत जावे एवढाच बेत. मुक्कामांची यादी नव्हती, परतीचा दिवस नव्हता. आज त्या खोऱ्यातून मोटारी जातात. तेव्हा खेचरांच्या घुंगरांखेरीज वाहतुकीचा आवाज नसे. तातोपानी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पोहोचलो आणि मित्राला ताप भरला. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरल्यासारखा वाटला. तो म्हणाला, “तू जाऊन ये. इतक्या जवळ येऊन माझ्यासाठी मुक्तिनाथ चुकवू नकोस.” आम्ही एकदाच “नक्की ना?” असे विचारले. त्याने मान हलविली. आम्ही निघालो.

मुक्तिनाथाच्या १०८ धारांखाली आम्ही स्नान केले. परतताना कागबेनीपाशी काळीगंडकीच्या पात्रात एक शाळिग्राम सापडला. सात दिवसांनी तातोपानीला आलो, तेव्हा कळले की आम्ही निघालो त्याच रात्री ताप पुन्हा चढला होता आणि चार दिवस उतरला नव्हता. ज्या थकाली बाईच्या भट्टीत आम्ही उतरलो होतो, तिने त्याला पेज भरविली. एक डच शिक्षक त्याच वाटेने वर निघाला होता. तो आपला प्रवास थांबवून चार रात्री त्याच्या उशाशी बसला. मित्राची व त्याची पूर्वीची ओळख नव्हती. मित्र बरा झाला होता. तो आमच्यावर रागावला नाही, पुढेही कधी त्याने तो विषय काढला नाही. आमची मैत्री त्यानंतरही टिकली, असे लोक म्हणत. तिच्यातून काय गेले होते, ते आम्हां दोघांना ठाऊक होते. तो आता हयात नाही.

तो शाळिग्राम आमच्या देवघरात आहे. पूजेच्या वेळी तो ताम्हनात घेतला की ती हललेली मान दिसते. कित्येक वर्षे आम्ही स्वतःची समजूत घालीत होतो की त्यानेच जा म्हटले होते. फाहियानच्या सोबत्यानेही पुढे जा म्हटले होते. शब्द तेच; परंतु बर्फात थांबण्याची किंमत प्राण ही होती, तातोपानीत ती केवळ आमचे मुक्तिनाथ ही होती. दुबळ्या क्षणी माणूस दुसऱ्याला मोकळे करतो, ते पुष्कळदा आपण ओझे होऊ नये म्हणून. त्याची ती परवानगी हे आपले मुक्तिपत्र नव्हे. तो जा म्हणतो हा त्याचा चांगुलपणा. आपण थांबायचे की नाही, हा प्रश्न तरीही आपल्यापाशी उरतोच.

यावर कोणी म्हणेल की, एवढे बंधन घालायचे तर मोकळ्या प्रवासाचा मोकळेपणा तो काय राहिला? शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे की, दोघेही धडधाकट असताना मोकळीक पुरेपूर असावी. एकीला लुआंग प्रबांग आवडले, दुसरीला पुढे जायचे आहे, तर खुशाल वेगळे व्हावे. मने मारून जोडी टिकविण्यात काही पुण्य नाही. रुसून एकाच होडीत बसण्यापेक्षा हसून दोन वाटांनी जाणे बरे. परंतु ही मोकळीक समानांमधली आहे. एकाचे बळ सरले की ती आपोआप स्थगित होते, आणि ते बळ परत येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे असते. युधिष्ठिराचा सार्थ मोकळ्या प्रवासात शोधायचा तर तो येथेच सापडेल: वाट समान नसली तरी चालेल, पण थांबण्याविषयीचा समज समान हवा.

म्हणून नातीला आम्ही सांगितले की, सोबती शोधताना तिची आवड तुझ्यासारखी आहे का, हे फार पाहू नकोस. तीन गोष्टी निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलून घ्या: पैसे संपले तर काय, वाटा वेगळ्या झाल्या तर काय, आणि एकीला ताप भरला तर काय. पहिल्या दोन प्रश्नांची कोणतीही उत्तरे चालतील. तिसऱ्याचे एकच चालते. आणि ते समोरच्या मुलीला विचारण्याआधी स्वतःला विचार.

तिला एक मुलगी मिळाली आहे. वडोदऱ्याची, नात्यातल्यांच्या परिचयाची. निघण्यापूर्वी दोघी दोन दिवस मांडवगडला जाऊन आल्या. कसे काय जमले, असे आम्ही विचारले. नात म्हणाली, “आजोबा, ती फार हळू चालते.” आम्ही विचारले, “मग तू काय केलेस?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पहिल्या दिवशी चिडले. दुसऱ्या दिवशी रूपमतीच्या महालाकडे चढताना तिचा पाय मुरगळला. ती म्हणाली, तू वर जाऊन ये.”

पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही. सांगावेसे वाटले तर ती सांगेल. तरुण असताना आमचे काय झाले, ते मात्र त्या संध्याकाळी आम्ही तिला प्रथमच सांगितले.