आज्जीला कोणी पाहिलं?



आज वाचनात गीतेचा तेरावा अध्याय होता. ज्ञान म्हणजे काय, हे भगवंत सांगतात. नम्रता, अहिंसा, क्षमा... आणि त्याच ओळीत म्हातारपण आणि आजारपण यांतलं दुःख पाहणं. मूळ शब्द आहे ‘अनुदर्शन’. म्हणजे एकदा पाहून मोकळं होणं नव्हे, पुन्हा पुन्हा पाहणं.

इथंच मी अडकले.

माझी आज्जी अणदूरला राहते. मागच्या वर्षी तिला चक्कर येऊ लागली. मी तिला थेट पुण्याला आणून एका मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. चार दिवस, ढीगभर रिपोर्ट. वाटलं, नातीचं कर्तव्य झालं! परत सोडायला गेले तेव्हा आज्जी म्हणाली, “बाई, तितं समद्यांनी माजी फाईल बगितली. मला कुनी बगितलंच न्हाई.”

आठवड्यात पुन्हा चक्कर. या वेळी गल्लीतल्याच, आरोग्याचं काम करणाऱ्या एक ताई बीपी मोजायला घरी आल्या. त्यांनी फळीवरचा गोळ्यांचा डबा उघडला. बीपीची एकच गोळी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी! आज्जी रंगावरून गोळ्या ओळखते. ती दोन्ही घेत होती. ताईंनी तिला डॉक्टरांकडे नेलं, एक गोळी बंद झाली, चक्कर थांबली. मी मात्र तो डबा कधी उघडलाच नव्हता.

ही दृष्टी अणदूरला नवी नाही. नव्वदच्या दशकात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथं हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. सरकारच्या आशाताई २००५ नंतर आल्या. त्याच्या कितीतरी आधी इथं शेजारीणच आरोग्यसेविका झाली होती.

आणि आपला खंडोबा बघा ना! अणदूर आणि नळदुर्ग, देवळं दोन, मूर्ती एकच. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. देव स्वतः पालखीत बसून भक्तांच्या गावी जातो. मग थकल्या जिवानंच दर वेळी का धावायचं?

हॉस्पिटल नकोच, असं नाही हं. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, पडून हाड मोडलं, तर एक मिनिट न घालवता तडक हॉस्पिटल. पण बीपी, साखर, गोळ्या, जेवण, एकटेपणा हे रोजचं आहे. ते रोज पाहणारं माणूस जवळचंच लागतं.

आजचा संकल्प: घरी फोन लावा. “बरी आहेस ना?” एवढंच विचारून ठेवू नका. “आज्जी, डबा उघड, कुठल्या गोळ्या घेतेस ते दाखव,” म्हणा. आणि तिच्या गल्लीतल्या आशाताईंचा नंबर आजच सेव्ह करा.

येळकोट येळकोट जय मल्हार!