पाटीवरची सरस्वती आणि आपली प्रज्ञा



दसरा आला की पाटीपूजन आले. एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, फुले वाहायची, विद्या दे म्हणून हात जोडायचे. आपली मुलेही शाळेत हे पाहतात आणि घरी येऊन विचारतात, ''आपण काढायची की नाही?'' मुलाला दटावू नका. त्याला कारण सांगा.

ऋग्वेदातील सरस्वती ही नदी. पुढे ती वाणीची आणि विद्येची देवता झाली. देवता स्त्री, पण तिच्याच देशात स्त्रीला वेदाचा अधिकार उरला नाही. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेले शिसे व लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सरस्वतीची पूजा झाली, त्यांनीच आपल्या दारची अक्षरे अडवली. तेव्हा देवी आडवी आली नाही.

मग विद्या आली कोठून? १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलले, पण शिकवणे सोडले नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. हा सवाल तिला कोणत्या देवीने दिला नव्हता. तो शिक्षणाने दिला.

कोणी म्हणेल, सरस्वती बौद्धांतही आहे. खरे आहे. महायानाच्या सुवर्णप्रभास सूत्रात ती आहे, जपानात बेन्झाइतेन या नावाने ती पूजली जाते. पण आपला मार्ग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ठरला. तो दिवसही दसऱ्याचाच होता. देवदेवतांना मानणार नाही, पूजणार नाही, ही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. तथागतांनी प्रज्ञा सांगितली. ती मागून मिळत नाही. ऐकावे, पारखावे, आचरावे, तेव्हा ती येते. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी नाव दिले ते मिलिंदाचे. हा राजा नागसेन भिक्खूंना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा!

म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करू नका. शिक्षकांना नम्रपणे सांगा. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत उपासनेची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते.

मात्र एक गोष्ट स्वतःलाही विचारा. सरस्वतीच्या तसबिरीच्या जागी बाबासाहेबांची तसबीर लावली, उदबत्ती ओवाळली आणि ''पोराला पास करा'' म्हणून हात जोडले, तर बदलले काय? नाव बदलले, मन तेच राहिले. बाबासाहेबांना हार हवा असेल तर तो वाचलेल्या पुस्तकांचा घाला.

येत्या दसऱ्याला पाटी जरूर घ्या. तिच्यावर मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्या, आणि त्याचे उत्तर शोधायला त्याच्याबरोबर बसा. आईला लिहिता येत नसेल तर त्याच पाटीवर आईचेही पहिले अक्षर उमटू द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!