मौन म्हणजे नकार

तंजावरात बसून मी मुंबईतल्या एका सर्व्हरची देखभाल करते. आम्हा काही अनुवादकांचा शब्दसंग्रह त्यावर आहे. दुरून आत शिरायचा रस्ता म्हणजे एसएसएच. त्याची मांडणी बदलताना चालू सेशन उघडं ठेवायचं, दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत जाऊन बघायचं, आणि जाता आलं तरच पहिलं बंद करायचं. फायरवॉलला ‘सगळ्यांना मज्जाव’ म्हणण्याआधी आपला रस्ता मोकळा करून घ्यायचा. त्या ‘सगळ्यां’त आपणही येतो, हे पटकन लक्षात येत नाही.

यातली एक सोय मला नैतिकदृष्ट्या विलक्षण वाटते. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ अशी आज्ञा देता येते. बदल लागू होतो. पण मुदतीत, वेगळी सांगितली नसेल तर १० मिनिटांत, तुम्ही दुजोरा दिला नाहीत तर राउटर आपणहून जुन्या मांडणीवर परततो. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. इथे हुकूम सोडणाऱ्याचंच मौन नकार धरलं जातं.

दुरून सत्ता चालवणाऱ्यावर असं बंधन असावं का? मला वाटतं, असावं. कारण निर्णय घेणारा एकीकडे आणि दाराशी अडकणारे दुसरीकडे असतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेनं फेसबुकची डेटा सेंटरं जगापासून तुटली. दुरुस्तीची नेहमीची साधनंही त्याच जाळ्यावर चालणारी. अभियंत्यांना प्रत्यक्ष जावं लागलं, जवळजवळ सहा तास गेले. तेवढा वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणारे हात चोळत बसले.

पण अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानाचं १७ वं कलम दुजोऱ्याअभावी मागे फिरावं, असं कोण म्हणेल? इथे माझा नियम लंगडा पडतो. मग वाटतं, दुजोरा हुकूम देणाऱ्याकडे मागायचाच कशाला? ज्याला त्या दारानं आत जायचंय त्याच्याकडे मागावा. १७ व्या कलमाला तो केव्हाच मिळालेला आहे. नाकारणारे आधीपासून आतच होते. जुनी दारं कायम उघडी ठेवा, असंही नाही. नुसत्या पासवर्डवर उघडणारं दार चोरालाही उघडतं.

मोडीच्या बाबतीत मात्र असं कुणी विचारलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात ती महाराष्ट्रातल्या शाळांतून गेली. एकच लिपी ठेवणं छपाईला सोयीचं होतं, मान्य. पण जुन्या दफ्तरात पुढच्या पिढीला शिरता येईल का, हे आधी पडताळून पाहायला हवं होतं. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीचे मोडी कागद आहेत. ते माझ्याच भाषेत आहेत आणि मला वाचता येत नाहीत.

नेटवर्क तुटलं तरी सर्व्हरवर पोचवणारी एक वेगळी वाट असते, कन्सोलची. तशी एक इथेही आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं त्यांतल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत. मी ते वाचते, आणि तमिळ वाक्याखालचं मराठी वाक्य कसं असेल याचा अंदाज बांधत राहते.