न जन्मलेल्यांचे देणे

विजेचे बिल भरले की वीज वापरणाऱ्याचे देणे फिटते का, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसत असला तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. भारतात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशापासून येते, आणि औष्णिक केंद्रात, म्हणजे कोळसा जाळून त्या उष्णतेवर वाफ व वाफेवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रात, एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ज्याचा मोठा भाग पुढे शतकानुशतके वातावरणात राहतो. अहिल्यानगरच्या केडगावातील एखाद्या घरातला पंखा, पाण्याची मोटर आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा यांचे बिल महिन्याच्या महिन्याला चुकते होते. परंतु त्याच विजेची राख चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राभोवतीच्या रहिवाशांच्या श्वासात उतरते आणि त्या विजेने वाढवलेला उष्मा ज्यांना सोसावा लागणार आहे त्यांतील बहुतेक जण अजून जन्मालाच आलेले नाहीत. ज्याने उपभोग घेतला तो आणि ज्याने भोगले तो यांच्यात अंतर पडले की कर्माची जबाबदारी पुसट होते, आणि कोळशाच्या विजेने हे अंतर स्थळाचेही वाढवले आहे आणि काळाचेही.

भारतीय परंपरेत अशा अंतरावरच्या देण्याचा विचार ऋण या कल्पनेतून झालेला आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले असून ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावयाचे असते. शतपथ ब्राह्मणात त्यात मनुष्यऋणाची भर पडते, जे अतिथीला आसरा आणि अन्न देऊन फिटते. यांपैकी पितृऋणाची रचना ऊर्जेच्या प्रश्नासाठी विशेष महत्त्वाची ठरते. पितरांकडून जे मिळाले ते पितरांना परत करता येत नाही, म्हणून ते पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे, असा हा व्यवहार आहे. घेतले मागच्यांकडून, फेडायचे पुढच्यांकडे. पूर्वजांचे देणे भविष्याकडे वळवणारी ही युक्ती संततीच्या आणि वंशाच्या चौकटीत बंद राहिली हे खरे, तथापि तिच्यातील दिशा वंशापुरती मर्यादित ठेवण्याचे तात्त्विक कारण मात्र सापडत नाही.

पाश्चात्त्य नीतिशास्त्राला याच ठिकाणी मोठी अडचण आली. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असा पेच मांडला की, आजचे धोरण बदलले तर उद्या कोण कोणाला भेटेल, कोणाची लग्ने होतील आणि कोणती मुले जन्मतील हेही बदलते. मग कोळसा जाळत राहिल्याने ज्यांचे नुकसान झाले असे म्हणायचे, ती माणसे कोळसा जाळला नसता तर जन्मलीच नसती, आणि तसे असेल तर त्यांच्यावर अन्याय झाला असे कसे म्हणता येईल? हा पेच हक्काच्या भाषेत सुटायला कठीण आहे, कारण हक्क कोणाचा तरी असावा लागतो. ऋणाच्या भाषेत तो तितका टोकदार राहत नाही. मनुष्यऋण फेडताना दारी येणारा अतिथी कोण असेल हे आधी ठाऊक नसते आणि पितृऋण फेडताना नातवंडाचे नाव माहीत असण्याची गरज नसते. देण्याचे बंधन घेणाऱ्याच्या ओळखीतून येत नाही, आपण आधी घेतलेले आहे या वस्तुस्थितीतून येते.

केडगाव ज्या जिल्ह्यात आहे त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार येतो, आणि देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो त्याला तेथे चोर ठरवले आहे. ज्ञानदेवांनी या यज्ञाचा अर्थ वेदीवरच्या आहुतीपुरता न ठेवता स्वधर्माचे आचरण, म्हणजे आपल्या वाट्याला आलेले कर्तव्य, असा लावला. या अर्थाने पाहिल्यास कोट्यवधी वर्षे जमिनीत साठलेले वनस्पतींचे कार्बन दोन-तीन शतकांत उपसून भोगणे आणि परतफेडीची काहीही व्यवस्था न करणे, हा त्या अध्यायाने दोषी ठरवलेल्या वर्तनाचाच आधुनिक नमुना म्हणावा लागतो.

अग्नीविषयीचा आदर आणि इंधनाविषयीचा आग्रह या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे याच जिल्ह्यात शिर्डीला पाहावयास मिळते. साईबाबांच्या द्वारकामाईतील धुनी आजही लाकडावर अखंड पेटती आहे आणि तिची उदी भाविक कपाळी लावतात. दुसरीकडे संस्थानच्या प्रसादालयात २००९ सालापासून सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. छतावर बसवलेल्या ७३ अंतर्वक्र तबकड्यांचे आरसे सूर्याबरोबर हळूहळू फिरत त्याचे किरण एका ठिकाणी एकवटतात, तेथील पाण्याची वाफ होते, आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरातल्या मोठ्या भांड्यांपर्यंत जाऊन डाळ-भात शिजवते. ढगाळ दिवसांसाठी गॅसवर चालणारी जुनी व्यवस्था जोडलेली ठेवली आहे. इंधन बदलले म्हणून प्रसादाचे प्रसादपण उणावले असे भाविकांना वाटलेले नाही. पूजेतला अग्नी आणि सोयीचा अग्नी यांच्यातला हा भेद परंपरेने सहज पचवला, हे लक्षात घेता ऊर्जाबदलाला धर्मश्रद्धेचा अडसर होईल ही भीती निराधार ठरते. अडसर आहेत ते बहुधा सवयीचे आणि हितसंबंधांचे.

बदल कसा करावा याचे ज्ञानही परंपरेत आहे. केडगावच्या रेणुकामातेच्या नवरात्रात आणि त्या परिसरातील घरोघरच्या घटासमोर नऊ दिवस नंदादीप तेवतो. त्याची काजळलेली वात बदलायची वेळ येते तेव्हा आधी त्याच ज्योतीवर शेजारी दुसरा दिवा लावून घेतात, तो नीट पेटल्याची खात्री करतात आणि मगच जुन्या वातीला हात लावतात. राष्ट्रीय ऊर्जाधोरणापुढचे काम नेमके हेच आहे. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जितके हवेत सोडले तितके शोषून घेण्याची स्थिती, अशी उद्दिष्टे जाहीर केली. २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. मात्र स्थापित क्षमता म्हणजे यंत्रे पूर्ण ताकदीने चालली तर मिळू शकणारी वीज. सौर पटल रात्री काहीच देत नाही, म्हणून प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून पुढे आहे. दुसरा दिवा पेटला आहे, परंतु त्याची ज्योत अद्याप रात्रभर टिकत नाही. ती टिकवण्याचे एक साधन अकोले तालुक्यात घाटघरला सह्याद्रीच्या कड्यावर आहे, जेथे २५० मेगावॅटचा प्रकल्प जादा वीज असेल तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वर चढवून ठेवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. अशा साठवणुकीत जितकी गुंतवणूक होईल तितकीच जुनी वात काढता येईल, आणि या बाबतीत होणारी दिरंगाई अक्षम्य आहे.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवा. भारतीय माणसाचे सरासरी उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असताना आणि हवेतील साठा मुख्यतः श्रीमंत देशांनी भरलेला असताना ऋण भारताने का फेडावे? श्रीमंत देशांचे देणे मोठे आहे यात शंका नाही. परंतु दुसऱ्याने कर्ज बुडवले म्हणून आपले माफ होत नाही, आणि स्वधर्म हा दुसऱ्याच्या आचरणावर अवलंबून नसतो. ज्ञानदेवांच्या पसायदानात प्रत्येक जीवाला हवे ते मिळावे असे मागणे आहे खरे, पण त्याआधी दुर्जनांचा वाकडेपणा जाण्याचे, जीवांत परस्पर मैत्री जडण्याचे आणि जगाला स्वधर्माचा सूर्य दिसण्याचे मागणे आहे; हा क्रम अपघाती मानता येत नाही.

शिवाय हा बदल केवळ त्यागाचा नाही. पर्जन्यछायेतील अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीचे पाणी शेतीला द्यायचे तर पंपाला वीज हवी, आणि ती वर्षानुवर्षे पाळीपाळीने आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री मिळत आली. रात्रपाळीच्या आठवड्यात अंधारात, साप आणि उसातल्या बिबट्याच्या धास्तीत, शेतकऱ्याला बारे, म्हणजे पिकाला पाणी, द्यावे लागते. २०१७ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांची वाहिनी, म्हणजे फीडर, गावाजवळच्याच सौर प्रकल्पाला जोडून दिवसा वीज देण्याचे ठरले, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली. सूर्य वर असतो तेव्हाच पिकाला पाणी मिळते, म्हणून येथे साठवणुकीचा प्रश्नही हलका होतो. तथापि अशा प्रकल्पांसाठी गायरान, म्हणजे गावाच्या जनावरांसाठी राखलेली सामाईक जमीन, वापरली जाते तेव्हा मेंढपाळाचा आणि भूमिहीनाचा घास काढून न जन्मलेल्यांचे ऋण फेडले जाते. ग्रामसभेची खरी संमती आणि चराईची पर्यायी सोय यांशिवाय तो व्यवहार धर्म्य होत नाही.

सर्वांत अवघड देणे कोळसापट्ट्याचे आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे केंद्र आणि भोवतीच्या खाणी यांनी राज्याला उजेड दिला आणि जिल्ह्याला धूळ, तापलेले उन्हाळे व उद्ध्वस्त रानांची जमीन दिली. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणधारकाने स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम भरायची असते व ती खाणबाधित गावांवर खर्च व्हायची असते. म्हणजे या ऋणाची नोंद कायद्याने काही अंशी घेतली आहे. पण हा निधी खाणकामाशी बांधलेला असल्याने कोळशाचे उत्पादन जसजसे घटेल तसतसा तोही आटेल, आणि खाणी बंद पडून गावांना नवे रोजगार, शुद्ध पाणी व भूमीची दुरुस्ती यांची सर्वाधिक गरज लागेल नेमकी तेव्हाच तिजोरी रिकामी असेल. हा भार खाणीवरून काढून वीजदरावर, म्हणजे केडगावसकट प्रत्येक वीज वापरणाऱ्यावर, त्याच्या वापराच्या प्रमाणात ठेवणे आणि चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांतील कोळसा-गावांसाठी तो खाणी चालू आहेत तोवरच साठवायला लागणे, हे राज्याच्या पुढच्या वीजदर-निर्णयात बसवता येण्यासारखे काम आहे.