एवढी सुई होऊ दे

आजारातून उठणाऱ्या बाईला आपल्याकडे दोन सल्ले हटकून मिळतात. ‘पूर्ण आराम कर’ हा पहिला आणि ‘कशात तरी मन गुंतव’ हा दुसरा. भेटायला आलेली मंडळी चहा पिता पिता दोन्ही देऊन जातात, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या दोन सल्ल्यांचं चांगलंच वाजलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी विश्रांतीचा उपचार नावारूपाला आणला. खचलेल्या, थकलेल्या बायकांना कित्येक आठवडे पलंगावर झोपवायचं, दूध आणि सकस अन्न भरपूर द्यायचं, मालीश करायचं. वाचन, लेखन, शिवण सगळं बंद. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर १८८७ मध्ये त्यांनी हाच उपचार केला. त्यातून ती बरी झाली नाहीच, पण १८९२ मध्ये तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आली. सक्तीच्या विश्रांतीत ठेवलेली बाई भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे बघता बघता भ्रमिष्ट होत जाते, अशी ती गोष्ट. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेडला हर्बर्ट हॉल या डॉक्टरांनी नेमकं उलट केलं. तशाच रुग्णांना त्यांनी हातमाग दिला, कुंभारकाम दिलं. १९१७ मध्ये या विचाराची अमेरिकेत राष्ट्रीय संस्था झाली, आणि पहिल्या महायुद्धात जखमी होऊन पडलेले सैनिक रुग्णालयात विणकाम करू लागले. ऑक्युपेशनल थेरपी ती हीच. आपल्याकडे ती आणली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी, लग्नाने निंबकर झालेल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

हॉल आणि निंबकर यांच्या बाजूने मी आहे, हे उघडच आहे. तरी एक गोष्ट खटकते. मिचेल म्हणाले पड, हॉल म्हणाले वीण. पडायचं की विणायचं हे ठरवणारा माणूस दोन्हीकडे पलंगाच्या बाहेरचा. आजारात सगळ्यात आधी हिरावलं जातं ते हे ठरवणंच. काय खायचं, कधी झोपायचं, कुणाला भेटायचं, सगळं कुणीतरी आपल्या भल्यासाठी ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली आणि त्याच सुमारास आमच्या सांगलीच्या घराचा प्रश्न निघाला. आईवडील दोघंही गेलेले. घर पाडून इमारत बांधायची, बिल्डर तयार, कागदपत्रं मोकळी हवीत. दादा माझी विचारपूस करायला आला तो पिशवीत शहाळी आणि हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतला बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. पण कायद्याचं वय कितीही झालं तरी बहिणीने भावाला हक्क सोडून द्यावा आणि त्या बदल्यात माहेर शाबूत ठेवावं, हा अलिखित व्यवहार घराघरांत चालूच आहे. दादा वाईट माणूस नाही. केमोच्या दिवशी रुग्णालयात माझ्यासाठी रांगेत उभा राहणारा तोच होता. म्हणून तर अवघड.

विणकाम मला मावशीने लहानपणी शिकवलेलं. दहा नंबरच्या सुया, सुलट, उलट, टाका गळला तर क्रोशाच्या सुईने उचलायचा. बाळंतविड्यातली टोपडी-मोजे यापुढे मी कधी फारशी गेले नव्हते, आणि पुण्यातल्या हवेत जायचं कारणही नव्हतं. केस गेल्यावर डोक्याची कातडी हुळहुळी झाली. बाजारातल्या टोप्या टोचत. मग तुळशीबागेतून मऊ सुती दोरा मागवला आणि स्वतःच टोपी घातली सुयांवर. लोकर मुद्दाम घेतली नाही. एक तर उकाडा, आणि दुसरं म्हणजे ‘लोकर’ म्हणून आपल्याला मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असतं, मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही.

लवकरच कळलं की कुठलंही विणकाम मन शांत करत नाही. नुसतं सुलट-सुलट विणायला घेतलं की हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं सुटून थेट सांगलीला जातं. वहिनी काय म्हणाली, आईच्या पाटल्या कुणाकडे आहेत, दादाने ‘तुला काय कमी आहे’ असं का म्हणावं. जाळीची वीण घेतली तर उलटा त्रास. केमोत आठवण अशी काही पातळ होते की दोरा पुढे घेतला होता की मागे, हे दोन टाक्यांत विसरायला होतं. चिडचिड होऊन सुया ठेवाव्या लागतात. मला लागू पडली ती बॉर्डरची साधी वीण, दोन सुलट दोन उलट. तिला लक्ष द्यावं लागतं, पण थोडंच. डोळ्यांना पुढचा टाका दिसतो आणि मागची उभी रेघ चुकली की लगेच कळते.

यामागे काय असावं याचा अंदाज देणारा एक प्रयोग आहे, विणकामाचा नसला तरी. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अपघात, जखमा अशी भीषण दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. खेळलेल्यांना ती दृश्यं पुढच्या आठवड्यात कमी वेळा आठवली. मनात चित्र उभं राहायला जी जागा लागते तीच जागा डोळ्या-हातांच्या अशा कामालाही लागते, असं त्याचं स्पष्टीकरण. मला ते पटतं. दोन सुलट दोन उलट चालू असताना वहिनीचा आवाज ऐकू यायचा, चेहरा मात्र दिसायचा नाही.

खुद्द विणकामाविषयीचा अभ्यास २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त आला. जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी ३,५४५ विणणाऱ्यांना प्रश्न विचारले. जे जितक्या वरचेवर विणतात तितकं त्यांना शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यात दिसलं. आता, विणकाम आवडणाऱ्यांनाच विणकाम आवडतं का असं विचारलं तर दुसरं काय निघणार! वैतागून सुया माळ्यावर टाकलेल्या बायका ती प्रश्नावली भरायला आल्याच नसतील. त्यामुळे हा आकडा बेताने घ्यावा.

मला वाटतं, या अभ्यासांतून एक गोष्ट निसटते, कारण ती विणणाऱ्या बाईच्या मेंदूत नसून तिच्या भोवतालच्या खोलीत असते. आपल्या घरात बाई रिकामी बसलेली चालत नाही. कुणीतरी लगेच काहीतरी मागतं, नाहीतर ‘काय झालं, बरं वाटत नाही का’ म्हणून विचारतं. पुस्तक घेऊन बसली तर शिष्ट ठरते. मोबाइल घेतला तर बोलूच नका. डोळे मिटले तर आजारी. विणत बसलेली बाई मात्र सगळ्यांना चालते. ती तिथेच असते, ऐकत असते, कामातही असते आणि तिच्याकडून तत्काळ उत्तराची अपेक्षा करता येत नाही. मान खाली असल्यामुळे नजरेला नजर द्यावी लागत नाही. ‘एवढी सुई होऊ दे’ असं म्हटलं की वकिलासकट सगळे थांबतात. ओळ मध्येच सोडली तर काहीतरी बिघडतं, असा एक धूसर समज पुरुषांच्या मनात असतो. तो दूर करण्याची मला गरज वाटली नाही.

दादा मसुदा समोर ठेवून बोलायचा आणि मी विणायचे. होही म्हटलं नाही, नाहीही. सुया नसत्या तर त्या थकव्यात मी रडले असते किंवा सही केली असती, बहुधा दोन्ही. याला पळवाट म्हणणारे म्हणोत. केमोच्या गुंगीत आयुष्याचे निर्णय घेणं हे काही शौर्य नव्हे. विणकामाने मला मिळालेली शांतता ही अशी आहे. प्रश्न मिटला नाही, पण मला त्याच खोलीत, त्याच माणसांत, माझ्या गतीने बसून राहता आलं.

इथे जात्यावरच्या ओव्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून मिळवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते, आणि त्यांत भाऊ जागोजागी आहे. भाऊ येतो, भाऊ चोळी घेतो, भावाची वाट बघितली जाते. हक्काच्या जमिनीचं काय झालं हे न विचारता बहीण दळता दळता भावाचं कौतुक करते. जातं हे काही फावल्या वेळचं काम नव्हतं; पहाटे उठून खांदे दुखेपर्यंत ओढायची ती सक्ती होती. त्यामुळे ‘आपल्या आज्या जात्यावर ध्यान करायच्या’ असलं गुलाबी काही मला सांगू नका. पण त्या घरघरीत बाईला जे बोलायला मिळालं ते घरात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं, एवढं खरं. हात कामात होते म्हणून तोंड चाललेलं खपलं. सुयांना आवाज नाही, त्यामुळे माझं उलट झालं: हात कामात होते म्हणून गप्प बसलेलं खपलं.

आणि विणणारी बाई आतूनही शांतच असते असं धरून चालणं धोक्याचं आहे. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली मादाम दफार्ज दारूच्या दुकानात मुकाट विणत बसलेली असते, आणि तिच्या टाक्यांत सूड घ्यायच्या माणसांची नावं विणली जात असतात. कॉलेजात वाचताना ती मला राक्षसीण वाटली होती. मसुद्यातलं ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना’ हे वाक्य वाचलं त्या दिवशी जरा वेगळी वाटली.

हे सगळं चालतं ते काम आपलं आहे तोवर. टोपी बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, विकायला ठेव की! इन्स्टाग्रामवर टाक.’ त्यांच्या नातीने दर ठरवून दिला, रंगांची यादीही. मग ‘अजून झाली नाही का’ सुरू झालं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तारखेसाठी विणताना माझा जीव पुन्हा घशाशी आला. ती यादी मी परत केली. देण्यासाठी विणणं ही निराळी गोष्ट आहे. स्तन काढलेल्या बायकांसाठी सुती दोऱ्याचे, आत मऊ भरण घातलेले हलके कृत्रिम स्तन विणून विनामूल्य देणाऱ्या बायकांचे गट जगभर आहेत, आपल्या मुंबईतही. पुण्याच्या उन्हाळ्यात सिलिकॉनचा जड, घामेजणारा तुकडा कपड्यात बाळगून पाहिलेल्या बाईला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

विणकामाची मर्यादाही आजारानेच दाखवली. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सुई हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची भीती असते, तासन्‌तास बसता येत नाही. त्या आठवड्यांत सुया कपाटात गेल्या. हक्कसोडपत्रही त्याच कपाटात, वरच्या खणात.

दादाचं काय, हा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. घर त्याचंही आहे. बिल्डर त्याच्या मागे लागलेला, वहिनीचं त्याला ऐकावं लागतं, आणि बहीण आजारी. रुग्णालयाच्या बाकावर तो तास न्‌ तास बसायचा तेव्हा त्याच्या हातात फक्त मोबाइल, आणि मोबाइलमध्ये पुन्हा तोच बिल्डर. विणकाम बायकांचं, ही आपलीच समजूत. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुष विणतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये टॉम डेली हा सुवर्णपदकविजेता सूरपटू प्रेक्षकांत बसून विणत होता ते साऱ्या जगाने पाहिलं. आणि आपला धनगर तर मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आला आहे. पण सांगलीच्या निवृत्त इंजिनियरला हे कोण सांगणार? ताण आला की त्याच्यापुढे पर्याय दोन, बोलणं वाढवणं किंवा उठून जाणं. खोलीत बसून गप्प राहण्याची सोय त्याला कुणी शिकवलेली नाही.

भाऊबीजेला तो येणार आहे. माझा वाटा मी सोडणार नाही, हे त्याला ओवाळून झाल्यावर सांगायचं ठरवलं आहे, आणि तेव्हा हातात सुया घ्यायच्या नाहीत असंही. त्याच्यासाठी मफलर मात्र सुयांवर आहे, करडा, दोन सुलट दोन उलट. माझं बोलणं ऐकून तो मफलर नेतो की नाही बघू.