रणांगणावरचा कौल

आपली सनद साक्षात ईश्वराची, तिच्यावर प्रजेची मोहोर नको, असे अखेरपर्यंत मानणारा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ३० जानेवारी १६४९ रोजी, थंडीचा कंप लोकांस भीतीचा वाटू नये म्हणून अंगात दोन सदरे घालून, व्हाइटहॉलच्या वधमंचावर चढला. आणि ज्या ५९ जणांनी त्याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या केल्या, त्यांच्यापैकी कित्येकांचीही अशीच श्रद्धा होती की, आपला हात ईश्वरच चालवीत आहे.

मार्चमध्ये राजपद खालसा झाले, मेमध्ये प्रजासत्ताकाचा कायदा झाला. परंतु राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सभासदांना कर्नल प्राइडच्या शिपायांनी पार्लमेंटच्या दारातूनच परतविले असल्यामुळे, या सत्तेला प्रजेची संमती कोठून आणावयाची? तो मार्ग कोणास सुचलाच नव्हता, असे नाही. ज्याने कायदा पाळावयाचा त्याची संमती आधी घ्यावी, हे १६४७ सालीच कर्नल रेन्सबरोने पुटनी येथे सैन्याच्या चर्चेत मांडले होते. पार्लमेंटच्या फौजेचा सेनानी क्रॉमवेल याने मात्र, देवळात कौल लावावा तसा, रणांगणावर कौल लावला. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारला आणि पुढल्या वर्षी त्याच तारखेस वुस्टरला तो उजवा पडला. १६५७ साली देऊ केलेला मुकुट, ईश्वराने जे पद मोडले ते आपण उभारणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने नाकारला, आणि पुढल्याच महिन्यात जांभळा झगा पांघरून, राजदंड घेऊन, राज्याभिषेकाच्या जुन्या खुर्चीवर बसून तहहयात संरक्षकपदाची शपथ घेतली. (मुकुट तेवढा नव्हता!) यास निव्वळ ढोंग म्हणणे मला पटत नाही, यश हीच ज्याच्या धर्मनिष्ठेची कसोटी, त्याला मिळालेले प्रत्येक पद प्रसादासारखेच वाटणार.

पण विजय हा ईश्वराचा होकार मानला, तर पराभवाच्या दिवशी दाद कोणापुढे मागावयाची? १६५८ साली, त्याच ३ सप्टेंबरला, क्रॉमवेल वारला. मुलाच्या हाती कारभार वर्षभरही टिकला नाही, आणि मे १६६० मध्ये वध झालेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स लंडनला परतला तेव्हा राजपक्षीयांनी त्याच ईश्वराचे आभार मानले. तर्काने त्यांना खोडून काढण्याची सोय प्रजासत्ताकवाद्यांनी ठेवलीच नव्हती.

अंध कवी मिल्टनने मात्र काळाचा रोख ओळखूनही, राजा परतण्याच्या थोडेच आधी, प्रजासत्ताकाच्या समर्थनार्थ पुस्तिका काढली. हरणारी बाजूही न्याय्य असू शकते, हे त्याला कळले होते. तरी तीत त्याने मागितली ती एक कायमची महासभा; वारंवार लोकांपुढे जाऊन कौल मागण्याचा धोका त्यालाही पत्करावयाचा नव्हता.